शिफ्टवरचा कडक चहा

कडक, दुधाळ चहाचा कडकपणा पाण्यात घडतो. दूध फक्त त्याचा तुरटपणा कमी करते. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील कोळसा खाणी, औष्णिक वीज केंद्र, बल्लारपूरची कागद गिरणी, राजुरा-कोरपना भागातील सिमेंट कारखाने, आलापल्लीचे लाकूड डेपो अशा ठिकाणी कामावरचा चहा बिघडतो तो बहुतेक वेळा आधी पाणी, मग दूध हा क्रम मोडल्यामुळे. गर्दीच्या वेळी पाणी, दूध, साखर, पत्ती आणि आले एकदमच गंजात पडतात. रंग येतो, पण जोर येत नाही. मग जोर आणण्यासाठी गंज तासभर उकळत ठेवला जातो आणि चहा कडकऐवजी कडू होतो.

कामाच्या ठिकाणी चहा पिण्याची सवय या देशात ठरवून रुजवली गेली. चहा उद्योगाने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात, विशेषतः 1930 च्या दशकात, गिरण्या, खाणी आणि कारखान्यांत चहाच्या सुटीचा प्रचार केला. पुढे कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 46 मध्ये 250 हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उपाहारगृहाची तरतूद झाली. ब्रिटनमध्ये बांधकामावरचे मजूर आणि कार्यालयातले लोक मोठ्या मगमधून असाच कडक, दुधाळ चहा पितात, पण त्यांची रीत वेगळी आहे. तिथे पत्ती उकळत नाहीत. नुकत्याच उकळलेल्या पाण्यात चहाची पिशवी चार-पाच मिनिटे भिजू देतात आणि नंतर वरून थंड दूध घालतात. विश्रामगृहात किंवा कार्यालयात विजेच्या किटलीवर चहा करायचा तर हीच रीत वापरावी. किटलीत दूध तापवू नये. ते तळाशी करपते, उतू जाते आणि करपलेला वास पुढे साध्या पाण्यालाही येत राहतो. पिशवीवर आधी दूध ओतून मग पाणी घालणेही टाळावे, कारण दुधाने पाण्याचे तापमान उतरते आणि पत्तीतला अंश पुरता सुटत नाही.

गंजातल्या चहासाठी पत्ती दाणेदार, म्हणजे सीटीसी घ्यावी. पान चिरडून, फाडून आणि वळवून दाणा करण्याची ही पद्धत 1930 च्या सुमारास आसामात निघाली. अशा दाण्यातून रंग आणि जोर काही मिनिटांतच उतरतो. भुकटी त्याहून लवकर उतरते, पण गाळणीतून निसटते आणि कपाच्या तळाशी गाळ साचतो. सुट्या, स्वस्त पत्तीत कृत्रिम रंग असू शकतो. तो ओळखायला चिमूटभर पत्ती गाळणकागदावर पसरून तिच्यावर थोडे पाणी शिंपडावे, थोड्या वेळाने कागद धुऊन उजेडात पाहावा. गडद डाग राहिले तर ती पत्ती वापरू नये. लोखंडाचा चुरा आहे का हे चुंबक फिरवून कळते.

पाण्याकडे या भागात जास्तच लक्ष द्यावे लागते. चंद्रपूरच्या दक्षिणेला चुनखडीचा पट्टा आहे, म्हणूनच तिथे सिमेंटचे कारखाने आले. त्या पट्ट्यातले बोअरचे पाणी बहुधा जड असते. जड पाण्यातला चहा मळकट दिसतो, त्यावर पातळ तवंग येतो आणि जोर कमी वाटतो. पत्ती वाढवून हा दोष जात नाही. पाणी आधी वेगळे उकळून निवू द्यावे, तळाशी पांढरा साका बसला की वरचे पाणी चहाला घ्यावे. जिल्ह्यातल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड प्रमाणाबाहेर आढळले आहे. ते मात्र उकळून जात नाही, उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते, शिवाय चहाच्या पानातही फ्लोराइड असतेच. अशा गावांत चहासाठी फ्लोराइड काढलेलेच पाणी घ्यावे. ही काळजी मुलांच्या बाबतीत तर अजिबात सोडू नये.

आता क्रम. लहान दहा कपांना, म्हणजे साधारण एक लिटर चहाला, 600 मिलिलिटर पाणी, 500 मिलिलिटर दूध आणि 25 ग्रॅम पत्ती लागते. वरचे 100 मिलिलिटर आटण्यात जाते. एका मोठ्या मगला दोन सपाट चमचे पत्ती पुरते. पाणी खळखळून उकळले की ठेचलेले आले घालून तीन-चार मिनिटे उकळू द्यावे. आल्यात प्रथिने तोडणारे एक विकर असते आणि ते उष्णतेने निकामी होते. कच्चे आले थेट दुधात पडले की चहा फाटतो आणि दोष उगाच दूधवाल्यावर जातो. आल्यानंतर पत्ती घालून तीन मिनिटे मध्यम आचेवर ठेवावे. एवढ्यात बराचसा कॅफिन आणि रंग पाण्यात उतरलेला असतो. त्यानंतर आधीच तापवलेले दूध ओतावे, दोन उकळ्या येऊ द्याव्यात आणि लगेच गाळावे. दुधातले केसीन हे प्रथिन चहातल्या कषाय द्रव्यांना धरून ठेवते, म्हणून तुरटपणा जिभेला कमी जाणवतो. दूध गार असेल तर गंजाची उकळी मोडते आणि ती परत येईपर्यंत पत्ती नको तितकी शिजते.

साखर पत्तीबरोबर घातली तरी चालते. गुळाचे तसे नाही. गूळ किंचित आम्लधर्मी असतो, त्यात क्षारही असतात. उकळत्या दुधात तो पडला की दूध फाटण्याची भीती असते. चहा गाळून, आचेवरून उतरवून थोडा निवल्यावर गूळ घालावा, नाहीतर प्रत्येक कपात वेगळा घालावा.

दुधाचा खरा प्रश्न उन्हाळ्याचा. चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो. सकाळच्या शिफ्टला आलेले दूध तापवून न ठेवल्यास दुपारपर्यंत नासते. म्हणून सगळे दूध गंजात ओतण्यापूर्वी एक चमचा वाटीत उकळून पाहावे. ते फुटले तर दूध गेले, पण पत्ती आणि साखर वाचते.

गडचिरोलीत अडचण वेगळी. जिल्ह्याच्या दक्षिणेला जंगल दाट आणि वस्त्या विरळ आहेत. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. संरक्षण कुटीत मुक्कामाला असलेल्या वनरक्षकाला किंवा आरोग्य पथकाला ताज्या दुधाचा भरवसा धरता येत नाही, त्यामुळे दूध पावडर सोबत लागते. एक लिटर दुधाला साधारण 125 ग्रॅम संपूर्ण दूध पावडर पुरते. ती थेट उकळत्या चहात टाकल्यास गुठळ्या होतात. आधी कोमट पाण्यात कालवून मग आच मंद करून ओतावी. डेअरी व्हाइटनरच्या बऱ्याच प्रकारांत साखर असते, तेव्हा पाकीट वाचून वरची साखर कमी करावी. पाकीट उघडल्यावर पावडर झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावी. पावसाळ्यात ती एका रात्रीत दमट होते. पावडर संपली तर कोरा चहा करावा, त्यासाठी पत्ती निम्मी घ्यावी आणि दोन मिनिटांत गाळावी. दुधाशिवाय तितकीच पत्ती उकळल्यास तुरटपणा झाकणारे काही उरत नाही.

तयार चहा गंजात, पत्तीसकट, मंद आचेवर ठेवण्याची सवय सोडायलाच हवी. गाळून थर्मासमध्ये भरावा आणि दीड-दोन तासांत संपवावा. कोमट अवस्थेत तासन्तास राहिलेला दुधाचा चहा जंतू वाढायला पोषक असतो. पुन्हा उकळी दिली तरी चव परत येत नाही. डबा खाताना चहा घेणेही टाळावे, कारण चहातली द्रव्ये वरण, भाजी आणि धान्यातल्या लोहाचे शरीरातले शोषण कमी करतात. ज्यांना लोहाच्या कमतरतेने अशक्तपणा आहे, त्यांनी जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचे अंतर ठेवावे.

आचेबद्दलची सावधगिरी चवीपेक्षा मोठी आहे. खाण परिसरात चहाची सिगडी अजून कोळशावर चालते. बंद खोलीत, विशेषतः हिवाळ्यात दारे लावून, ती पेटवू नये. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि झोपेतल्या माणसाला तो उठू देत नाही. सिगडी उघड्यावर पेटवावी आणि निखारे विझल्यावरच आत आणावी. जंगलात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो. हेच दिवस मोहफुले वेचण्याचे आणि तेंदूपान तोडाईचे, म्हणजे जंगलात माणसांची वर्दळ वाढण्याचे. राखीव वनात आग पेटवणे हा भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 नुसार गुन्हा आहे. तीन दगड मांडून वाळक्या पाल्यात चूल पेटवण्यापेक्षा चहा घरूनच थर्मासमध्ये न्यावा. वन विभागाने जिथे चूल पेटवायला परवानगी दिलेली आहे तिथेही भोवतीचा पाला दोन-तीन हात लोटून काढावा, जागा सोडण्यापूर्वी राखेवर पाणी ओतावे, ती काडीने उकरून पुन्हा पाणी ओतावे, आणि हाताला ऊब लागेनाशी झाल्यावरच तिथून निघावे.