आकडा खरा देता येत नसेल, तर नकार द्यावा

नेटवर्कचा किंवा डिस्कचा ड्रायव्हर चुकला की सहसा लगेच कळतं. पॅकेट जात नाही, फाइल उघडत नाही, मशीन अडकतं. परफॉर्मन्स मॉनिटरिंग युनिटचा, म्हणजे पीएमयूचा ड्रायव्हर चुकला तर मशीन झकास चालू राहतं आणि स्क्रीनवर नीटनेटका, पण खोटा आकडा येतो. त्यावर विसंबून माणसं निर्णय घेतात. काटाच खोटा असेल तर पुढचा सगळा व्यवहार खोटा ठरतो. अशा एका ड्रायव्हरच्या रिव्ह्यूत जे दिसलं, ते या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी सांगतो.

एका चिपच्या मेमरी कंट्रोलरमधले काउंटर लिनक्सच्या पर्फ या मोजणी-यंत्रणेला जोडणारा तो ड्रायव्हर होता. कोड सुटसुटीत, चेकपॅचची एकही तक्रार नाही, सोबत दहा सेकंदांच्या टेस्टचे अगदी अपेक्षित आकडे. पण कंपनीच्या आतल्या कर्नलमध्ये तो आधीपासून वापरात होता आणि परफॉर्मन्सची टीम कोड्यात पडली होती. छोट्या टेस्टमध्ये बँडविड्थ सेकंदाला २० जीबी. तीच टेस्ट मिनिटभर चालवली की दोनच्याही खाली. चिप तापल्यावर मेमरी मंदावते, असा तर्क निघाला आणि सगळे उष्णतेच्या मागे लागले.

काउंटर ३२ बिटांचा होता आणि ६४ बाइटच्या प्रत्येक व्यवहाराला एकने वाढत होता. २० जीबीच्या वेगाने सेकंदाला सुमारे ३१ कोटी व्यवहार होतात. ३२ बिटांत सुमारे ४२९ कोटी मावतात. म्हणजे १४ सेकंदांच्या आतच काउंटर भरून पुन्हा शून्यावर. मिनिटभरात चार फेऱ्या पूर्ण होत. ड्रायव्हर त्या चारही गमावत होता आणि पाचव्या, अर्धवट फेरीचा हिशेब सेकंदाला १.७ जीबी म्हणून दाखवत होता. चिपला काहीच झालेलं नव्हतं.

म्हणून तपासायची पहिली जागा काउंटरच. विचारा: काउंटर किती बिटांचा आहे, कमाल वेगाने तो किती वेळात भरतो, आणि भरला हे ड्रायव्हरला कसं कळतं? उत्तर आकड्यांसह मागा. हार्डवेअर ओव्हरफ्लोचा इंटरप्ट देत असेल तर तो हाताळलेला हवा. देत नसेल तर एचआरटाइमर लावून काउंटर भरण्याच्या बराच आधी वाचायला हवा. इंटरप्ट उशिरा पोहोचू शकतो, म्हणून मोजणी शून्यापासून सुरू न करता काउंटरच्या मधल्या आकड्यापासून करण्याची पद्धत आहे. ओव्हरफ्लोनंतरही अर्धी फेरी हाताशी राहते. ६४ बिटांचं रजिस्टर दोन तुकड्यांत वाचलं जात असेल तर वरचा, खालचा आणि पुन्हा वरचा असं वाचून पडताळलंय का, तेही पाहा.

दुसरी जागा 'इव्हेंट_इनिट' हा कॉलबॅक. ड्रायव्हर कशाला नाही म्हणतो, ते इथे दिसतं. इव्हेंट आपला नसेल तर 'ईनोएंट' परत करायचं, म्हणजे पर्फ दुसऱ्या पीएमयूकडे जातो. भलताच एरर दिला तर शोध तिथेच थांबतो. मेमरी कंट्रोलर सगळ्या कोअरचा सामाइक असतो. कुठल्या प्रोसेसमुळे व्यवहार झाला, हे या काउंटरना सांगता येत नव्हतं. या ड्रायव्हरने मात्र 'टास्क_सीटीएक्स_एनआर' हे फील्ड भरलंच नव्हतं. न भरलेलं फील्ड शून्य राहतं, आणि शून्याचा अर्थ तिथे सीपीयूचा हार्डवेअर कॉन्टेक्स्ट असा होतो. प्रोसेसपुरत्या मोजणीला पुढेही कुठे नकार नव्हता. परिणामी एखाद्या चिमुकल्या प्रोग्रामच्या नावावर सगळ्या मशीनची मेमरी-वाहतूक जमा होत होती. अशा पीएमयूला तिथे 'पर्फ_इनव्हॅलिड_कॉन्टेक्स्ट' हवं आणि सॅम्पलिंगच्या मागणीला स्पष्ट नकार हवा. चार काउंटर असताना सहा इव्हेंटचा ग्रुप मागितला, तर तोही उघडतानाच नाकारावा. नाहीतर ग्रुप उघडतो, पण कधीच मोजला जात नाही.

तिसरी जागा सीपीयू हॉटप्लग. सामाइक पीएमयूचे इव्हेंट एका ठरावीक सीपीयूवर राहतात. सिसएफएसमधली 'सीपीयूमास्क' फाइल तो दाखवते. तो ऑफलाइन गेला की इव्हेंट दुसऱ्या सीपीयूवर न्यायचे आणि इंटरप्टची अ‍ॅफिनिटीही तिकडेच वळवायची. हे दुसरं हमखास राहून जातं. इव्हेंट एका सीपीयूवर आणि इंटरप्ट दुसऱ्यावर आला, की एकाच काउंटरला दोन्हीकडून हात लागतो आणि लॉकशिवाय केलेला हिशेब कोलमडतो.

बाकीचं थोडक्यात. 'अ‍ॅड', 'स्टार्ट', 'स्टॉप', 'रीड' या कॉलबॅकमध्ये झोपता येत नाही. तिथे म्यूटेक्स किंवा फर्मवेअरच्या उत्तराची वाट पाहणं दिसलं की पॅच परत पाठवा. स्पिनलॉक 'रॉ' प्रकारचा हवा; २०२४ च्या ६.१२ पासून प्रीएम्प्ट-आरटी मुख्य कर्नलमध्येच आहे आणि त्यात साधा स्पिनलॉक झोपू शकतो. 'मॉड्यूल' फील्ड भरलेलं हवं, नाहीतर मोजणी चालू असतानाच ड्रायव्हर काढता येईल. सिसएफएसमधला 'फॉरमॅट' हा वापरकर्त्यांना दिलेला शब्द आहे, नंतर बदलता येत नाही. न वापरलेले बिट आजच नाकारा. आणि हे काउंटर कुणाला वाचता येतील, याचा विचार करा. २०२० मध्ये प्लॅटिपस हल्ल्याने इंटेलच्या ऊर्जेच्या काउंटरमधून गुप्त किल्ल्या काढून दाखवल्यावर लिनक्सने पॉवरकॅपमधलं ते वाचन रूटपुरतं मर्यादित केलं.

टेस्टही तुम्ही सांगा. किती बाइट हलणार हे आधीच ठाऊक असलेला लोड द्या आणि आकडा ताडून पाहा. काउंटर अनेकदा भरेल इतका वेळ मोजणी चालवा. मोजणी चालू असताना तो ठरावीक सीपीयू ऑफलाइन करा, ड्रायव्हर काढून पाहा. लॉकडेप आणि केसॅन चालू ठेवा. पॅचच्या लेखकाला नुसतं 'ओव्हरफ्लो बघा' म्हणू नका, १४ सेकंदांचा हिशेब मांडून दाखवा. मग पुढच्या ड्रायव्हरला तो हिशेब माणूस स्वतः करतो.

खरं सांगता येत नसेल तर नकार द्यावा, हाच नियम शेवटी 'रिव्ह्यूड-बाय' लिहिताना स्वतःलाही लावा. फक्त लॉकिंग पाहिलं असेल तर तसं लिहा, हॉटप्लग तपासलं नसेल तर तेही लिहा. तुमच्या नावाच्या त्या एका ओळीवर भरवसा ठेवून मेंटेनर पॅच घेतो. जेवढं तपासलं, तेवढ्याचीच ग्वाही द्या.