हाताचं हाड मोडलं, ऑपरेशन नको म्हणाले. मग खर्च किती?

मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत आपल्या एका हातात २७ हाडं असतात. मनगटात ८, तळहातात ५, बोटांत १४. यातलं एखादं मोडलं तर प्रत्येक वेळी तारा किंवा प्लेट घालावी लागत नाही. हाड जागेवर असेल, कातडी फाटलेली नसेल आणि बोट पिळलं गेलेलं नसेल, तर बहुतेक वेळा प्लास्टर, पट्टी किंवा नुसतं शेजारच्या बोटाला बांधून ठेवणं पुरतं. तरीही ‘साधं प्लास्टर’ म्हणून सुरू झालेला खर्च कधी दोन हजारांत आटोपतो, तर कधी पंधरा हजारांवर जातो. हा फरक बहुधा हाडामुळे पडत नाही. कोणत्या गोष्टीवर पैसे घातले आणि कोणत्या गोष्टीवर वाचवले, त्यामुळे तो पडतो.

पुण्या-नाशिकसारख्या शहरातल्या मध्यम खासगी दवाखान्याचा ढोबळ हिशेब पाहा. तपासणीचे ६००, एक्स-रेचे ४००, कच्च्या प्लास्टरचे १,२०० मिळून पहिल्या दिवशी २,२०० रुपये. आठवड्याने पुन्हा एक्स-रे आणि तपासणी, ८०० रुपये. प्लास्टर काढताना तेवढेच. गोळ्या-औषधांना ३००. त्यानंतर फिजिओथेरपीच्या सहा फेऱ्या, प्रत्येकी ४०० धरल्या तर २,४००. एकूण ६,५००. मुंबईत आणि मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयांत हाच आकडा दुप्पट होऊ शकतो, तालुक्याच्या गावी तो बराच कमी होतो. तारा घालायचं ऑपरेशन झालं असतं तर खासगीत तीस-चाळीस हजारांच्या आत क्वचितच भागलं असतं.

पहिल्याच दिवशी फायबरचं पक्कं प्लास्टर घ्यायला सुचवलं, तर जरूर विचारा: ‘सूज उतरल्यावर हे सैल होणार नाही का?’ ताज्या फ्रॅक्चरला सूज येते, आणि ती आणखी वाढूही शकते. म्हणून सुरुवातीला हाताच्या एकाच बाजूला कच्चं प्लास्टर, म्हणजे स्लॅब, लावून वर पट्टी गुंडाळायची पद्धत आहे. पाच-सात दिवसांनी सूज उतरली की पक्कं प्लास्टर लागतंय का ते ठरतं. फायबर हलकं असतं, घामाने खराब होत नाही, पण त्याला २,००० ते ४,००० रुपये पडतात आणि हाड त्याने लवकर जुळत नाही. करंगळीखालचं हाड मोडलेल्या अनेकांचं तर शेवटपर्यंत स्लॅबवर किंवा बोटं बांधून भागतं. पैसे वाचवायची जागा ही आहे. ‘हाड जोडणारी’ टॉनिकं ही दुसरी. रोजचं जेवण नीट असेल तर त्यांनी काही दिवस कमी होत नाहीत. तंबाखू आणि विडी-सिगारेट मात्र हाड जुळणं लांबवतात. ती सोडायला पैसे लागत नाहीत.

दोन गोष्टींत मात्र काटकसर नको. पहिली, आठवड्यानंतरचा एक्स-रे. नीट बसवलेलं हाडही पहिल्या आठवड्यात सरकू शकतं, आणि ते वेळीच कळलं तर पुन्हा बसवता येतं. महिन्यानंतर कळलं तर ते वाकडंच जुळलेलं असतं. डॉक्टरांना बोटं हळूच मिटवून दाखवा. सगळी बोटं मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला झुकायला हवीत. एखादं बोट शेजारच्यावर चढत असेल तर हाड पिळलं आहे आणि प्लास्टरवर निभावणार नाही. उलट, चार आठवड्यांनी एक्स-रेमध्ये भेगेची रेघ दिसते म्हणून घाबरू नका. दाबल्यावर दुखत नसेल तर हाड धरलेलं असतं. एक्स-रेवर ते दिसायला पुढे बरेच आठवडे लागतात. केवळ त्या रेघेपायी प्लास्टर वाढवलं तर बोटं आखडतात.

दुसरी गोष्ट म्हणजे बोटांची हालचाल. तळहाताच्या आणि बोटांच्या हाडांना साधारण तीन ते चार आठवडे बांधून ठेवतात. या काळात मोकळी असलेली बोटं, कोपर आणि खांदा रोज हलवत राहा. हात उशीवर छातीच्या वर ठेवा. फिजिओथेरपीला परवडत नसेल तर निदान एक-दोन वेळा जाऊन व्यायाम शिकून घ्या, लिहून घ्या आणि घरी करा.

दोन दुखापतींचा हिशेब निराळा आहे. बोटाचं शेवटचं पेर खाली लोंबायला लागलं तर १५०-३०० रुपयांची पट्टी पुरते, पण ती सहा ते आठ आठवडे दिवसरात्र हवी. धुण्यापुरती काढताना पेर एकदा जरी खाली पडलं, तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. दुसरी मनगटातल्या स्कॅफॉइड हाडाची. हातावर पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दुखत असेल तर पहिला एक्स-रे चांगला आला तरी त्यावर विसंबू नका. भेग दहा-चौदा दिवसांनी दिसते, तोवर हात बांधून ठेवतात. इथे प्लास्टर सहा ते बारा आठवडे राहू शकतं, आणि सीटी किंवा एमआरआयचा खर्च वेगळा. हे हाड दुर्लक्षित राहिलं तर पुढे मनगट कायमचं दुखतं.

बाहेर पैसे द्यायचेच नसतील तर सरकारी सोय आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत केस पेपरपासून उपचारांपर्यंत सगळं मोफत आहे. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं यात येत नाहीत, पण तिथले दरही थोडेच असतात. गर्दीत दिवस जातो, हे धरून चला. हाडवैद्याकडे कमी पैशांत काम होईल असं वाटतं, पण एक्स-रेशिवाय घट्ट बांधलेल्या कामट्यांनी रक्तपुरवठा तुटून बोटं गमावल्याची उदाहरणं आहेत. बांधल्यावर बोटं निळी-पांढरी पडली, बधिर झाली किंवा दुखणं वाढतच गेलं, तर रात्र असली तरी पट्टी सैल करायला जा.

विम्याबद्दल आधीच विचारा. बऱ्याच पॉलिसींत बाह्यरुग्ण विभागातलं प्लास्टर बसत नाही. भूल देऊन हाड बसवलं तर ते ‘डे-केअर’मध्ये धरलं जाऊ शकतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनाही मुख्यतः भरती रुग्णांसाठी आहे. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असलेल्या ईएसआयसीच्या कामगारांना उपचार मोफत आहेत. हात कामावर मोडला असेल तर सुट्टीच्या काळात पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते, घरी मोडला असेल तर अटी पूर्ण झाल्यास सुमारे ७० टक्के. त्यासाठी कामावरच्या अपघाताची नोंद त्याच दिवशी कंपनीच्या रजिस्टरमध्ये करून घ्या, आणि केस पेपर, एक्स-रेच्या फिल्म व सुट्टीचं प्रमाणपत्र जपून ठेवा. एक्स-रेची फिल्म किंवा प्रत मागणं हा तुमचा हक्क आहे.