दुसरीतल्या मुलीला कोणता प्रयोग झेपेल?

प्रश्न : मुलगी दुसरीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ज्वालामुखीचा तयार संच घ्यावा का?

उत्तर : नको. तयार संचात तिने स्वतः शोधावं असं फारसं काही उरत नाही. त्यापेक्षा हळद घ्या. शर्टावरचा वरणाचा डाग साबण लागताच लाल होतो, हे तिने पाहिलं असेलच. तसं का होतं, हाच तिचा प्रश्न.

हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदाला लावा, वाळवा, पट्ट्या कापा. मग साबणाचं पाणी, लिंबाचा रस, ताक, चिंचेचा कोळ यांचे थेंब तिलाच टाकू द्या. प्रत्येक थेंबाआधी मात्र ‘रंग बदलेल की नाही?’ हे तिच्याकडून वदवून घ्या. प्रयोगाचा खरा जीव त्या अंदाजात आहे. साबणाने पट्टी लालसर होते, बाकीच्यांनी पिवळीच राहते. लाल डागावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. हळदीतलं कुर्क्युमिन आम्लात पिवळं आणि अल्कलीत लाल दिसतं, म्हणून. चुन्याच्या निवळीने रंग गडद येतो, पण ती तुम्हीच हाताळा. डोळ्यांना धोका असतो.

अंदाज आणि दिसलेले रंग यांचा तक्ता तिच्याच अक्षरात असू द्या. छापील फलक करून देऊ नका.