सवाई गंधर्व महोत्सव : गुरूच्या आठवणीची गाण्याची जत्रा

जत्रा म्हटली की आपल्याला पाळणे, भेंडबत्तासे आणि कुस्त्या आठवतात. पुण्यात मात्र दरवर्षी डिसेंबरात एक वेगळीच जत्रा भरते. हजारो माणसे मैदानावरच्या मांडवात बसतात आणि फक्त गाणे-बजावणे ऐकतात. तिचे नाव सवाई गंधर्व महोत्सव. ती भरते पुण्याला, पण तिची मुळे आपल्याच बाजूला आहेत.

संकेश्वरहून मोठा रस्ता बेळगाव, धारवाड करत हुबळीला जातो. हुबळीजवळ कुंदगोळ हे गाव आहे. तिथले रामभाऊ कुंदगोळकर (जन्म १८८६) गाणे शिकायला अब्दुल करीम खाँ यांच्याकडे राहिले. खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैराना गावचे, पण राहायचे मिरजेत. कैराना गावावरून त्यांच्या गायकीला किराणा घराणे म्हणतात. दुकानातल्या किराणा मालाशी त्याचा काही संबंध नाही बरं का! खाँसाहेब १९३७ साली वारले. त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे.

रामभाऊ पुढे नाटकात गाऊ लागले आणि ‘सवाई गंधर्व’ म्हणून प्रसिद्ध झाले. गंधर्व म्हणजे देवांच्या दरबारातले गायक. सवाई म्हणजे सव्वापट. घरी आजोबांना विचारा, त्यांनी सवायकी पाठ केलेली असेल.

आता भीमसेन जोशींची गोष्ट. हा गदगचा मुलगा. जन्म १९२२ चा. खाँसाहेबांची तबकडी ऐकून त्याला वाटले, असेच गाता आले पाहिजे. अकराव्या वर्षी तो घरातून निघून गेला! (पालकांनो, घाबरू नका. आमच्यातले कुणी जाणार नाही.) तिकिटाला पैसे नव्हते, म्हणून आगगाडीत गाणी म्हणत तो ग्वाल्हेर, जालंधर असा गुरू शोधत फिरला. आणि गुरू भेटला कुठे, तर घराजवळ कुंदगोळलाच. तिथे १९३६ पासून त्याने गुरूच्या घरी पाणी भरले, पडेल ते काम केले आणि स्वर घोटले. गंगूबाई हनगळही त्याच गुरूकडे शिकल्या. त्या हुबळीहून आगगाडीने यायच्या.

१९५२ च्या सप्टेंबरात सवाई गंधर्व वारले. पुढच्याच वर्षी, १९५३ ला, भीमसेनजींनी पुण्यात गुरूच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवते. नुसता आपल्याच घराण्याचा कार्यक्रम त्यांनी केला नाही. दुसऱ्या घराण्यांचे गवई, सतार, सनई, संतूर, तबला, नाच, सगळ्यांना तिथे मान मिळाला. भीमसेनजी स्वतः बहुतेक वेळा सर्वांत शेवटी गात.

पूर्वी हे गाणे रात्रभर चाले. लोक सतरंजी, घोंगडी, चहाचा थर्मास घेऊन येत आणि उजाडल्यावर घरी जात. याला कारण आहे. आपल्या रागांना वेळा ठरलेल्या असतात. मालकंस रात्रीचा, भैरव सकाळचा. पुढे २००० साली आवाजाचे नियम झाले. रात्री १० नंतर उघड्यावर कर्णे बंद. मग महोत्सव दुपारी सुरू होऊ लागला. नियम बरोबरच आहे. आजारी माणसाला, तान्ह्या बाळाला झोप नको का? पण मध्यरात्रीचे राग मध्यरात्री ऐकायचे राहून जातात, याचे वाईट वाटते.

बरीच वर्षे महोत्सव रमणबाग शाळेच्या मैदानावर भरे. (बघा, तीही शाळाच!) २०१८ साली तो मुकुंदनगरला गेला. भीमसेनजींना २००८ साली भारतरत्न जाहीर झाले. २०११ च्या जानेवारीत ते वारले. आता महोत्सवाच्या नावात गुरूशेजारी त्यांचेही नाव आहे : सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. करोनामुळे २०२० आणि २०२१ साली तो झाला नाही. नंतर पुन्हा सुरू झाला.

सगळ्यांचे गाणे संपले तरी लोक लगेच उठत नाहीत. शेवटी सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात. ती संपली की मग सतरंज्या गोळा होतात.