पहिली लिपी, दुसरी लिपी

मराठी आणि कन्नड, आपल्या दोन्ही लिप्यांत अक्षराला धाकटे-थोरले रूप नाही. 'क' वाक्याच्या आरंभी येवो की शेवटी, तो 'क'च राहतो. इंग्रजीत मात्र २६ अक्षरांच्या ५२ आकृत्या. जुन्या मराठी शाळांत त्यांना पहिली लिपी, दुसरी लिपी म्हणत. (हाताच्या वळणाची तिसरी-चौथी निराळीच!)

उन्हाळ्याच्या सुटीत मी उज्जैनला, फ्रीगंजात, मामाकडे होतो. मामेबहीण सहा वर्षांची. घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळा इंग्रजी. 'जोड्या लावा'मध्ये तिच्या ११ जोड्या चुकल्या आणि बाईंनी डायरीत 'मुलगी मंद आहे' असा शेरा मारला. मामीने तो फार मनाला लावून घेतला. वास्तविक टॉवर चौकापर्यंत चालताना हीच पोरगी पाट्यांवरची अक्षरे धडाधड ओळखी, गाड्यांवरचे 'एम. पी. १३' तर तोंडपाठ. मग घोडे अडले कोठे? बहुतेक पाट्या आणि गाड्यांचे नंबर मोठ्या लिपीत, तर पुस्तकातला धडा जवळजवळ सगळा लहान लिपीत. रस्त्यावरची विद्या पुस्तकात चालेना. यात मंदपणा कोठे आला?

"एका अक्षराची दोन तोंडं कशाला रे दादा?" हा तिचा प्रश्न मला रास्त वाटला. रोमन लोक शिलालेखांत मोठी अक्षरे कोरीत. पुढे भराभर लिहिताना लेखनिकांच्या हातून ती गोलावली, झिजली. आठव्या शतकाच्या अखेरीस, शार्लमेन बादशहाच्या काळात, लहान अक्षरांना नीटस वळण लागले. छापखान्यात मोठ्या अक्षरांचे खिळे वरच्या पेटीत ठेवीत व लहानांचे खालच्या. 'अपर केस', 'लोअर केस' ही नावे तेथूनच आली. मुलांना "घाईत लिहिताना झालं" एवढे सांगितले तरी पुरते. मोठ्या 'बी'चे वरचे पोट गळाले, झाला लहान 'बी'. 'एच'चा उजवा खांब वरून मोडला, झाली खुर्ची. 'एल'चा पाय गेला. तिला ही पडझड भलतीच आवडली.

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर ५२ पत्ते केले, पण सगळे एकदम मांडले नाहीत. आधी सी, ओ, एस, व्ही, डब्ल्यू, एक्स, झेड. हे सात नुसते मापाने लहान होतात. मग के, पी, यू. मग झिजलेली अक्षरे. ए, जी, आर अगदी शेवटी, कारण त्यांची दोन रूपे एकमेकांना ओळख देत नाहीत. छापील लहान 'ए' तर हाताने लिहिलेल्यापेक्षाही वेगळा असतो. हिशेब पडताळताना आम्ही वाणिज्यवाले जुळलेल्या नोंदीवर खूण करून पुढे सरकतो. तशी जुळलेली जोडी डब्यात गेली, की उरलेल्यांचे भय कमी होते. पत्ता उचलताना अक्षराचा उच्चार मोठ्याने करायचा, हा मात्र नियम. नाहीतर मुले नुसती चित्रे जुळवतात.

सर्वांत चिवट जोडगोळी लहान 'बी' आणि 'डी'ची. कप कसाही फिरवा, कपच राहतो. 'बी' फिरवला की 'डी' होतो. मुलाला हे पटायला वेळ लागतोच. त्यावर दोन मुठींचा उपाय चांगला: मुठी समोरासमोर टेकवून अंगठे वर करायचे, डावी मूठ 'बी', उजवी 'डी'. मी निघालो तोवर तेवढे दोनच पत्ते अडत होते. ती दोन्ही मुठी उचलून, अंगठे निरखून, मगच पत्ता टाकी.