उष्ण ताऱ्यांचे क्ष-किरण

उन्हाळ्याच्या सुट्टीत अंगणात निजणाऱ्यांनी वृश्चिक राशीतील तांबडी ज्येष्ठा पाहिलेली असेल. तिच्या दोन बाजूंना दोन फिकट तारे आहेत. परंपरेने या तिघांचे मिळून ज्येष्ठा नक्षत्र होते. त्यांपैकी शेपटीकडच्या ताऱ्याचे नाव टाऊ स्कॉर्पी. तो मुख्य क्रमातील, सुमारे 30,000 अंश पृष्ठतापमानाचा निळसर तारा आहे.

आपल्या सूर्याचा पृष्ठभाग सुमारे 5,500 अंश सेल्सिअस. त्याभोवतीचे प्रभामंडल मात्र दहा लाख अंशांहून तप्त. पृष्ठाखाली वायू उकळत्या पाण्याप्रमाणे खालीवर होतो, त्यातून चुंबकीय क्षेत्र उपजते आणि प्रभामंडल तापून क्ष-किरण निघतात. अतिउष्ण ताऱ्यांच्या बाह्य थरांत अशी जोरदार घुसळण नसते. तरीही नोव्हेंबर 1978 मध्ये सोडलेल्या आइनस्टाइन उपग्रहाला त्यांच्याकडून क्ष-किरण मिळाले. ते येतात कोठून?

कॅसिनेली व ओल्सन यांनी 1979 साली सुचविले की पृष्ठालगत प्रभामंडलाचा पातळ थर असावा. ही कल्पना कसोटीला लावता येण्याजोगी होती, हेच आम्हांस तिचे मोल वाटते. या ताऱ्यांपासून सेकंदाला हजार-दोन हजार किलोमीटर वेगाने वारा वाहतो. क्ष-किरण तळाशी निर्माण होत असते, तर त्यांतील सौम्य किरण या वाऱ्याने गिळले असते. प्रत्यक्षात ते पुरेसे पोहोचत होते. म्हणजे उगम वाऱ्यातच असला पाहिजे! ताऱ्याचा प्रकाशच हा वारा ढकलतो. ढकलण्याची ही रीत अस्थिर असल्याने काही झोत पुढे धावतात, संथ वायूवर आदळतात, आणि त्या आघाताने वायू काही दशलक्ष अंशांपर्यंत तापतो. एकूण तेजाचा साधारण एक कोटीवा भाग क्ष-किरणांत जातो. (अभिजित मधल्या तापमानाचा, त्याच्यापाशी ना घुसळण, ना असा वारा. त्याचे क्ष-किरण सापडत नाहीत.)

टाऊ स्कॉर्पीने मात्र हा हिशेब बिघडवला. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचे नाव लाभलेल्या, 1999 साली सोडलेल्या 'चंद्रा' दुर्बिणीने घेतलेल्या त्याच्या वर्णपटात एक कोटी अंशांहून तप्त वायू आढळला, आणि वर्णरेषा वाऱ्याच्या वेगाला न शोभणाऱ्या अरुंद होत्या. वायू कोणीतरी धरून ठेवला होता. 2006 साली पृष्ठावर सुमारे 500 गॉसचे, पृथ्वीच्या सुमारे हजारपट, गुंतागुंतीचे चुंबकीय क्षेत्र सापडले. घुसळणीविना ते आले कसे? दोन तारे एकमेकांत विलीन होताना असे क्षेत्र निर्माण होऊ शकते, असे 2019 साली संगणकीय प्रतिकृतीने दाखविले आहे.