शिलेदार, बारगीर आणि मोतद्दार

परीक्षा जवळ आली की ‘घोडामैदान जवळच आहे’ असे आपण सहज म्हणून जातो. पण घोड्याची खरी परीक्षा मैदानात कशी होते, याचा विचार क्वचितच करतो. वऱ्हाडात जनावराचा शौक म्हटला की शंकरपटाची बैलजोडी डोळ्यांपुढे येते. घोडा राजेरजवाड्यांचा, फार तर वरातीचा, अशी आपली समजूत आहे. घोड्यांच्या हौशी प्रदर्शनात सामान्य घरातल्या माणसाला जागा आहे की नाही, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

आपले परतवाडा हे घोड्यांच्या टापा ऐकलेले गाव आहे. एलिचपूरची छावणी ती हीच. हैदराबाद कंटिंजंटची फौज येथे राहत असे. १८५३ च्या तहाने निजामाने या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हाती दिला. म्हणजे घोडे फौजेचे, पण त्यांची चंदी आपल्या पूर्वजांच्या शेतसाऱ्यातून! १९०३ मध्ये ही फौज हिंदी सैन्यात विलीन झाली.

या फौजेचे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. शब्द अर्थात मराठेशाहीतला. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार, सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. शिवाजी महाराजांचा भर बारगिरांवर अधिक होता. तिसरा माणूस मोतद्दार. खरारा करणारा, तोबरा चढवणारा, रात्री घोड्याजवळ झोपणारा. बखरींतून शिलेदार भेटतो, बारगीर भेटतो. मोतद्दाराचे नाव मात्र शोधावे लागते.

आता आजचे प्रदर्शन पाहू. मुलताईला उगम पावून मेळघाटाच्या उत्तर अंगाने वाहणारी तापी पुढे नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला पोचते. तेथे दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा मोठा बाजार भरतो. खरेदी-विक्रीबरोबर रूप, चाल व नृत्य यांच्या स्पर्धाही होतात.

परीक्षक काय पाहतो? प्रथम जातीची लक्षणे. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचे कान आत वळून टोकाशी एकमेकांना भिडतात. मग उंची. मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यापासून जमिनीपर्यंत ती मोजतात. एक हात म्हणजे येथे ४ इंच. वय दातांवरून कळते. पुढचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना जोडीजोडीने बदलतात आणि पाचव्या वर्षी तोंड पुरे होते. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असा पंचकल्याणी घोडा लोकांना शुभ वाटतो. पण लंगडत चालणाऱ्या पंचकल्याणीचे शास्त्रीय परीक्षेत काय होणार?

खरे गुण एका दिवसात येत नाहीत. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून नाल काढून खूर तासावे लागतात. घोड्याला ओकारी करता येत नाही. म्हणून प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी हौसेने जादा चंदी घातली, तर पोटशूळ उठून जनावर दगावू शकते. केसांची चकाकी रोजच्या खराऱ्याने येते. भीती दाखवून नाचविलेला घोडा शेपूट दाबतो, कान मागे पाडतो. जाणत्याला ते तत्काळ कळते. ड्रेसाज या प्रकारात तर स्वाराचा इशारा प्रेक्षकाला दिसू नये आणि घोड्याला मात्र कळावा, हेच कौशल्य मानतात. २०२३ मध्ये हांगझाऊ येथील आशियाई स्पर्धेत भारतीय संघाने याच प्रकारात सुवर्णपदक मिळविले. घोडेस्वारीतले आपले ते १९८२ नंतरचे, म्हणजे ४१ वर्षांनंतरचे, पहिले सुवर्ण होते.

तेव्हा प्रदर्शन ही एका दिवसाची शोभा नसून वर्षभराच्या सेवेची परीक्षा आहे, आणि ती सेवा बहुधा मोतद्दाराची असते. व्यावसायिक पागेत घोडा एकाचा, स्वारी दुसऱ्याची आणि शेणलीद तिसऱ्याच्या वाट्याला, अशी वाटणी असते. हौशी माणूस हे तिन्ही स्वतः करतो, आणि त्याचे मोठेपण यातच आहे.

ज्याच्या घरी घोडा नाही, त्याने काय करावे? आमच्या घरी बैल होते, घोडा कधीच नव्हता. कॉलेजात येणारा मी घरातला पहिला. पुस्तकेही दुसऱ्यांची वाचूनच शिकत आहे. दुसऱ्याच्या पुस्तकावर परीक्षा देता येते, तशी दुसऱ्याच्या घोड्यावर बारगिरीही करता येते. मात्र आधी मोतद्दारी शिकली पाहिजे. ज्याने खूर उचलून पाहिला नाही, त्याने लगाम हाती घेण्याची घाई करू नये.

प्रदर्शने भरविणाऱ्यांना एकच सुचवावेसे वाटते. बक्षीस पुकारताना घोड्याचे आणि मालकाचे नाव घेतात. त्यांच्याबरोबर मोतद्दाराचेही घ्यावे. त्याला खर्च लागत नाही. वऱ्हाडच्या साऱ्यावर एके काळी घोडदळ पोसले गेले, पण सारा भरणाऱ्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. निदान घोडा पोसणाऱ्याचे तरी लिहिले जावे.